खुन्याचा डोळा आणि खुन्याची जीभ

एखादा स्लॅशर, म्हणजे एकामागून एक माणसं मारत सुटलेल्या खुन्याची भयकथा, 'खुन्याच्या बाजूने' सांगितलाय असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: नजरेने की तोंडाने? म्हणजे त्याच्या डोळ्यांतून दाखवलाय की त्याच्या शब्दांत? आपण दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरतो, पण त्यांची कामं जवळजवळ उलटी आहेत. एक खुन्याला लपवतो. दुसरा त्याला इतका उघडा पाडतो की हसू फुटतं, आणि मग आपण हसलो याचीच लाज वाटते.

आधी नजर. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ची (१९७८) सुरुवात आठवा. कॅमेरा घराबाहेरून खिडकीत डोकावतो, स्वयंपाकघरात शिरतो, एक हात ड्रॉवरमधून सुरी काढतो. जिना चढताना श्वास ऐकू येतो. मुखवटा चढतो आणि पडद्यावर उरतात फक्त दोन भोकं. बहिणीचा खून होतो. मग रस्त्यावर आईवडील भेटतात, मुखवटा ओढून काढतात, तर समोर विदूषकाच्या कपड्यांतलं सहा वर्षांचं पोर! सुरी धरणारा हात प्रत्यक्षात निर्माती डेब्रा हिलचा होता. म्हणजे इतका वेळ आपण त्याच्या डोळ्यांत मुक्काम ठोकून होतो आणि तो केवढा आहे याचाही पत्ता नव्हता. दोन वर्षांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने हीच युक्ती वापरून खुनी म्हणजे बुडालेल्या मुलाची आई आहे हे शेवटपर्यंत झाकून ठेवलं. (रहस्य फोडलं म्हणून रागावू नका, चाळीस वर्षं उलटून गेलीत.) डोळा उसना मिळाला तरी डोकं काही मिळत नाही.

आता तोंड. समजा तळ्याकाठची केबिन, आत पाच पोरं, बाहेर अंधारात तो. नजरेच्या पद्धतीने एवढंच दिसेल: फांद्या बाजूला होतायत, उजेडाची खिडकी, श्वास. तोच प्रसंग त्याच्या तोंडून ऐका:

'तासभर खिडकीखाली उभा आहे. डावा गुडघा ठणकतोय. मुखवटा परवाच्या पावसात भिजला, त्याला अजून कुबट वास येतो. आत पिझ्झ्यावर मशरूम हवं की नको यावर वीस मिनिटं वाद चाललाय. एकदाचं आत जाऊन सोक्षमोक्ष लावावा म्हणतो.'

इथे भीती पार गेलेली नाही, पण तिच्या मांडीला मांडी लावून किरकिर येऊन बसली आहे. काळा विनोद निघतो तो या शेजारातून. खुनाइतक्याच गांभीर्याने माणूस गुडघ्याबद्दल बोलतो.

या आवाजाचेही दोन स्वभाव असतात. ब्रेट ईस्टन एलिसच्या 'अमेरिकन सायको' (१९९१) या कादंबरीतला खुनी निवेदक पॅट्रिक बेटमन स्वतः विनोदी आहे हे त्याला ठाऊकच नाही. कोटाचा ब्रँड, हॉटेलातलं टेबल, व्हिटनी ह्यूस्टनची गाणी आणि खून, सगळं एकाच सपाट सुरात. आपण 'मर्डर्स अँड एक्झिक्यूशन्स'मध्ये आहोत असं तो तोंडावर सांगतो आणि समोरच्या बाईला ऐकू येतं कंपन्या जोडण्याचा-विकत घेण्याचा धंदा, म्हणजे 'मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्स'. या कादंबरीला स्लॅशर म्हणायचं की वॉल स्ट्रीटवरचा उपहास, यावर वाद घालता येईल. मी दुसऱ्या बाजूचा.

आपल्याकडे कुणी लगेच 'झपाटलेला' पुढे करेल. तिथे हसू येतं ते लक्ष्याची पाचावर धारण बसते म्हणून. तात्या विंचूच्या बाहुल्यात बसून आपण जग बघत नाही. तो विनोदी भयपट, वेगळंच घराणं.

दुसरा स्वभाव, ज्याला आपला धंदा पुरता कळलाय, पाहायचा तर 'बिहाइंड द मास्क: द राइज ऑफ लेस्ली व्हर्नन' (२००६). माहितीपट काढणारी मंडळी एका होतकरू खुन्याच्या मागे कॅमेरा घेऊन फिरतात. हसतमुख, बोलका, घरी कासवं पाळलेली. तो व्यायामाचं रडगाणं गातो: बाकीचे जीव तोडून पळणार, आपण मात्र नुसते चालतोय असं दिसलं पाहिजे आणि तरी त्यांना गाठलं पाहिजे, त्याला दम लागतो! खिडक्या आधीच ठोकून ठेवायच्या, हाताशी येतील ती हत्यारं आधीच मोडकी करून ठेवायची. एखादा मांडववाला लग्नाच्या आदल्या दिवशी जसा सगळं फिरून दाखवेल, तसा उत्साह. एक निवृत्त ज्येष्ठ खुनी त्याचा गुरूही आहे.

याच सिनेमात आपला फरक डोळ्यांदेखत घडतो. त्या रात्री टेलर ही पत्रकार आणि तिची माणसं पोरांना वाचवायचं ठरवून कॅमेरे खाली ठेवतात. क्षणात चित्राचा पोत बदलतो: हलणारी, कच्ची दृश्यं जातात, नेहमीच्या भयपटाची घोटीव चौकट आणि संगीत येतं. मुखवट्याआडचा लेस्ली जवळजवळ गप्पच होतो. इतका वेळ ज्याने प्रत्येक डाव खुशीने समजावून सांगितला, तो आता कुठल्या झाडामागे उभा आहे हे टेलरलाही दिसत नाही.