वरचा दोरा तुटेल की खालचा?

एक किलोचा, वर-खाली दोन्हीकडे हुक असलेला लोखंडी ठोकळा घ्या. शिवणाच्या एकाच रिळातून हातभर लांबीचे दोन तुकडे कापा. एकाने ठोकळा भक्कम दांडीला टांगा, दुसरा खालच्या हुकाला बांधून लोंबता सोडा. ठोकळ्याखाली वाळूचा ट्रे ठेवा, कारण तो पडणारच आहे. आता खालचा दोरा ओढा.

हळूहळू जोर वाढवत नेलात तर वरचा तुटतो. यात नवल काही नाही. नुसतं टांगल्यावरच वरच्या दोऱ्यावर ९.८ न्यूटन ताण असतो. दोरा १५ न्यूटनला तुटतो असं धरू. खालून ५.२ न्यूटन लावले की वरच्याचे १५ भरतात; खालच्याला तोवर जेमतेम ५.२ सोसावे लागलेले असतात.

जोरात हिसडा दिला, तर मात्र खालचा तुटतो. इथे ‘जडत्वाच्या बलामुळे वरचा वाचला’ असं लिहून पुष्कळ विद्यार्थी मोकळे होतात. जडत्व, म्हणजे आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा गुण, हे बल नाही. ते न्यूटनमध्ये मोजत नाहीत, त्याला दिशा नसते, बलांच्या आकृतीत त्याचा बाण काढायचा नसतो. (खुद्द न्यूटननेच १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त ‘व्हिस इनर्शिए’, म्हणजे जडत्वाचं बल, असा शब्द वापरला होता, त्यामुळे विद्यार्थ्यांना फार बोलून उपयोग नाही.)

खरं कारण न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे: बल = वस्तुमान × त्वरण. वरचा दोरा तुटायचा तर आधी तो आणखी ताणला गेला पाहिजे, आणि त्यासाठी ठोकळा खाली सरकला पाहिजे. खालचा दोरा ठोकळ्याला फार तर १५ न्यूटनने ओढणार; त्यापुढे तो स्वतःच तुटतो. १ किलोला १५ न्यूटन, म्हणजे त्वरण १५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हिसडा १० मिलिसेकंदांत आटोपला, तर ठोकळा सरकतो ½ × १५ × (०.०१)² = ०.०००७५ मीटर, म्हणजे जास्तीत जास्त पाऊण मिलिमीटर. हातभर दोरा तुटायला एवढी ओढ पुरत नाही. १०० ग्रॅमचा ठोकळा वापरला तर हेच अंतर दसपट होतं आणि प्रयोगाचा भरवसा राहत नाही. बिचकत दिलेला हिसडाही फसतो, कारण वेळ दुप्पट झाला की सरकणं चौपट होतं.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबाबत (प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते) होणारी चूकही इथेच सापडते. टांगलेल्या ठोकळ्याचं वजन आणि वरच्या दोऱ्याची ओढ समान आणि विरुद्ध असतात, म्हणून त्यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी समजलं जातं. पण ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत. जोडीतली बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. पडताळा सोपा आहे: वरचा दोरा तुटताच त्याची ओढ शून्य होते, वजन मात्र तसंच राहतं. वजनाची खरी जोडी म्हणजे ठोकळ्याने पृथ्वीला वर ओढणं, तेही नेमकं ९.८ न्यूटनने, अगदी तो वाळूकडे झेपावत असतानासुद्धा.