ओघात शिसं टिकतं कसं?

गळाने मासे धरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: ओघ जोराचा असेल तर शिसं, म्हणजे आमिष तळाशी धरून ठेवणारं वजन, जड लावा आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ताणून धरा. यातला दुसरा सल्ला पहिल्याचं काम बिघडवतो. इंग्लंडमध्ये ट्रेंट, सेव्हर्नसारख्या नद्यांवर बार्बेल मासे धरणारे मुरलेले गळवाले तंगूस मुद्दाम सैल सोडतात. त्यामागचं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे.

बार्बेल हा आपल्या महसीरच्याच कार्प कुळातला. पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, त्याभोवती चार मिशा. वाहत्या पाण्यात तळालगत राहून तो मिशांनी गोटे चाचपत खातो. म्हणून आमिष तळावर एका जागी थांबायलाच हवं.

पाणी तंगुसाला किती रेटतं, हे त्याची जाडी, पाण्यातली लांबी आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतं. 0.3 मिलिमीटर जाडीचा 10 मीटर तंगूस सेकंदाला 1 मीटर वेगाच्या ओघात आडवा असेल, तर रेटा भरतो साधारण 180 ग्रॅम वजनाइतका. वेग निम्मा, तर फक्त 45. पण शिशावरची ओढ वेगळी. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ, तितका त्याच ओल्या कपड्यांचा खिळ्यावर ताण जास्त, तसंच इथे. तंगूस मधोमध अर्धा मीटरच वाकू दिला, तर शिशावर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास ओढ येते. अडीच मीटरची कमान सोडली की तीच दीडशेच्या आत. रॉडचं टोक उंच धरून पाण्यातली लांबी निम्मी केली आणि कमानीचं प्रमाण तेच ठेवलं, तर ओढ आणखी निम्मी होते. शिवाय तळालगत घर्षणामुळे पाणी मंद असतं, त्यामुळे तंगुसाचा तिथला भाग कमी रेटला जातो. आता चपटं, मध्यम वजनाचं शिसंही गोट्यांत रुतून बसतं.

आमिष ओघाच्या वरच्या अंगाला फेकलं असेल, तर मासा ते उचलताच शिसं सुटतं आणि रॉडचं वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. ओढ बसण्याची वाट बघणारे नेमकी हीच खूण हुकवतात.

आमिषाला लावायच्या ‘हमखास’ वासाच्या तेलांच्या महागड्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. मिशांवरच्या स्वादकलिकांना पाण्यात विरघळलेले रेणू लागतात. तेल विरघळत नाही.

बार्बेल झुंजतो जिवाच्या आकांताने, त्यात पार दमतो. सोडताना त्याला ओघाकडे तोंड करून पाण्यातच आधार द्यायचा, कल्ल्यांतून पाणी खेळू द्यायचं आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत हात काढायचा नाही.