पिनबॉल यंत्ररचनाकार

उतरत्या फळीवर पोलादी गोळी कुठून धावेल, कशाला आपटेल आणि खेळाडूच्या हातून कशी निसटेल, हे ठरवणारा कारागीर. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलच्या, म्हणजे पिनबॉलच्या पूर्वज असलेल्या फळीवरच्या खेळाच्या, सुधारणांचे पेटंट घेतले. स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवणे ही त्यातली मोठी गोष्ट. पुण्यात सुट्टीच्या दुपारी मुले खिळे ठोकलेल्या ज्या पाटावर गोळ्या उडवत, तो याच घराण्यातला. त्यात गोळी सुटली की खेळणाऱ्याचे काम संपे. १९४७ मध्ये हॅरी मॅब्स यांनी गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच गोळी परत वर टोलवणारे दांडे, आणले आणि हा खेळ नशिबाकडून कौशल्याकडे वळला.

रचनाकाराची खरी परीक्षा फ्लिपरभोवतीच्या भूमितीत होते. गोळी सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅमची. फळीचा उतार साधारण साडेसहा अंशांचा. कॅरमची सोंगटी थांबली की तिथेच राहते, इथे उतार गोळीला सतत खाली ओढतो. डाव्या फ्लिपरच्या मुळाशी असलेली गोळी मारली तर ती डावीकडे जाते, टोकाजवळची उजवीकडे. ही सगळी वळणे डोक्यात ठेवून रॅम्प (चढणीचे मार्ग), लक्ष्ये आणि गोळीला उसळवणारे बंपर मांडायचे असतात. नेम चुकल्यावर गोळी कुठे परतेल याचाही विचार आधीच करावा लागतो. गोळी गेली तरी ‘चूक माझीच, पुन्हा खेळतो’ असे खेळाडूला वाटले, तरच रचना साधली.

कागदावर किंवा कॅडमध्ये (संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) आराखडा झाला की न रंगवलेल्या प्लायवूडवर चाचणीची फळी बनते; तिला व्हाइटवूड म्हणतात. तिच्यावर खेळायचे, भोके बुजवायची, पुन्हा पाडायची. नियमांचा प्रोग्रामर, चित्रकार, ध्वनिकार आणि यांत्रिक अभियंता यांची कामे याच सांगाड्यावर उभी राहतात. पॅट लॉलर यांच्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ (१९९२) या यंत्राच्या वीस हजारांहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

हा उद्योग प्रामुख्याने शिकागोभोवती वाढला. त्यात शिरायला ठरावीक पदवी नाही: ‘हाय स्पीड’ या यंत्राचे (१९८६) रचनाकार स्टीव्ह रिची यांची सुरुवात अटारी या गेम कंपनीच्या जुळणी विभागात झाली. पुण्यातल्या होतकरूने आधी ‘व्हिज्युअल पिनबॉल’ या मोफत सॉफ्टवेअरवर स्वतःचे टेबल रचावे. पुढे प्रत्यक्ष फळी करायची तर या शहरात अडत नाही. स्विच, दिवे, वायर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात, भोसरीच्या वर्कशॉपांत धातूकाम होते. फ्लिपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या कॉइलला मात्र सहसा दोन वेटोळी असतात, एक जोराने ओढणारे आणि दुसरे कमी विजेवर धरून ठेवणारे. मोटार वाइंडिंगवाल्याला हे नीट समजावून सांगावे. ओढणारेच वेटोळे चालू राहिले तर कॉइल जळते.