राखीव आसने (राजशिष्टाचार)

राखीव आसने म्हणजे पद, हुद्दा आणि ज्येष्ठता पाहून समारंभात आधीच राखून ठेवलेल्या बसण्याच्या जागा. लष्करी संचलन, ध्वजवंदन, शपथविधी, दीक्षान्त समारंभ, भूमिपूजन अशा प्रसंगी ही व्यवस्था असते. जागा माणसाची नसते, पदाची असते. अधिकाऱ्याची बदली झाली की तीच खुर्ची नव्या अधिकाऱ्याला मिळते. मराठवाड्यातल्या या रिवाजावर जुन्या दरबारी रीतीची आणि छावणीच्या शिस्तीची, दोन्हींची छाप आहे.

कोणाची जागा कोणाच्या आधी, हे राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेल्या अग्रक्रमाच्या यादीवरून ठरते. तिच्यात पुढे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. राष्ट्रपती पहिल्या, उपराष्ट्रपती दुसऱ्या आणि पंतप्रधान तिसऱ्या क्रमांकावर आहेत. राज्यपालांचा क्रमांक स्वतःच्या राज्यात चौथा. मुख्यमंत्री स्वतःच्या राज्यात सातवे, राज्याबाहेर आठवे. म्हणजे तेलंगणाचे मुख्यमंत्री सीमा ओलांडून नांदेडच्या समारंभाला आले, तर एक पायरी खाली येतात. पूर्ण जनरल हुद्द्याचे सेनाप्रमुख बाराव्या क्रमांकावर, तर मंत्रिमंडळ सचिव अकराव्या. लष्करापेक्षा नागरी सत्ता वरची, हे इथे खुर्चीच्या क्रमातूनच दिसते. राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात पंधरावे, खासदार एकविसावे. यादी सव्विसाव्या क्रमांकाला, मेजर जनरल आणि केंद्रातील सहसचिव यांच्या पातळीवर संपते. जिल्हाधिकारी त्या यादीत नाहीतच, पण जिल्ह्यातला समारंभ पार पाडण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावरच येते.

हा क्रम फक्त शासकीय समारंभांपुरता आहे, रोजच्या कारभाराला तो लागू नाही, असे यादीतच म्हटले आहे. साहेबांच्या दालनातल्या, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीला तेव्हा या यादीचा काही आधार नाही. ती प्रथा कार्यालयांनी आपली आपणच सांभाळली आहे.

मंत्रालयात हे काम सामान्य प्रशासन विभागातील राजशिष्टाचार शाखा पाहते. जिल्ह्यात ते बहुधा निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे असते. व्यासपीठावर मधोमध प्रमुख पाहुणे, त्यांच्या उजव्या हाताला त्यानंतरचे ज्येष्ठ, मग डावीकडे, अशी सर्वसाधारण रीत आहे. ध्वजाची जागासुद्धा ठरलेली असते: वक्ता श्रोत्यांकडे तोंड करून उभा असताना तिरंगा त्याच्या उजव्या बाजूला हवा. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ऐन वेळी माजी आमदार आणि कार्यकर्ते व्यासपीठावर चढतात, आणि नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर भलतेच कोणी बसलेले असते. खासदारांना निमंत्रण द्यावे आणि ते केंद्रीय सचिवांपेक्षा वरचे आहेत हे लक्षात ठेवून व्यासपीठावर जागा द्यावी, अशा केंद्राच्या सूचना आहेत. मान राखला गेला नाही, तर प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकते.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मारकापाशी ध्वजारोहण होते आणि त्याला बहुतेक वर्षी मुख्यमंत्री येतात. या समारंभात मानाची जागा स्वातंत्र्यसैनिकांची. ध्वजवंदनानंतर पाहुणे स्वतः त्यांच्या खुर्चीपर्यंत चालत जातात. एरवी खालचा माणूस वरच्याकडे जातो. इथे तो क्रम उलटतो.

मानाच्या जागेवरून झालेल्या भांडणाचे मराठी माणसाला सर्वांत ठाऊक असलेले उदाहरण १२ मे १६६६ चे, आग्र्याचे. मोगल दरबारात बसत फक्त बादशहा. बाकी सगळे उभे. त्यामुळे सिंहासनापासूनचे अंतर हाच दर्जा. शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले आणि पुढचा प्रसंग घडला. त्याची चुणूक वाटेत औरंगाबादेतच दिसली होती. तिथला अधिकारी सफशिकनखान स्वतः सामोरा आला नाही, त्याने पुतण्याला पाठवले. महाराज त्याच्याकडे न जाता थेट मिर्झाराजे जयसिंगांच्या हवेलीत उतरले. शेवटी खानालाच भेटीला यावे लागले. पुढे निजामाच्या दरबारातही हुद्द्याप्रमाणे जागा, नजराणा आणि दस्तार-बगलूस, म्हणजे पगडी आणि कमरपट्टा, हा ठरलेला पोशाख आला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि तो दरबार गेला.

लष्करात हे नियम अधिक काटेकोर आणि म्हणूनच कमी वादाचे आहेत. हुद्दा खांद्यावरच दिसतो आणि दोघांचा हुद्दा एकच असेल, तर ज्येष्ठतेची तारीख निर्णय देते. संचलनाची सलामी घेणारा मंचावर असतो, पाहुण्यांना वेगवेगळे कक्ष नेमून दिलेले असतात. ऑफिसर्स मेसच्या औपचारिक जेवणात प्रमुख पाहुण्यांना यजमानाच्या उजव्या हाताला बसवतात आणि ज्येष्ठ उठल्याखेरीज कोणी उठत नाही. मात्र याच लष्करात बडाखाना असतो. त्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात.

आसन राखून न ठेवण्याची परंपराही मराठवाड्यात तितकीच जुनी आहे. नांदेडच्या तख्त हजूर साहिबमध्ये लंगरला पंगत जमिनीवर बसते. शेजारी कोण बसला आहे, याला तिथे अर्थ नसतो. वारकरी कीर्तनातही श्रोते मांडी घालून एकाच सतरंजीवर बसतात. अलीकडे काही गावांच्या सप्ताहात पुढाऱ्यासाठी सतरंजीच्या पुढे सोफा मांडलेला दिसतो, आणि पुढारी आला की बुवांचे निरूपण सत्कारापुरते थांबते.