जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवणं

जुन्या डेस्कटॉपमधली फिरती हार्डडिस्क काढून (किंवा डेटासाठी तशीच ठेवून) विंडोज एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हवर, घेणं, एवढंच हे काम. पीसी चालू करून चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप दिसत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी १००% वर, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतोच. ७२०० आरपीएमच्या डिस्कला प्रत्येक नवी जागा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद जातात आणि विंडोज चालू होताना बारीक बारीक फायली हजारोंनी वाचते, तिथेच सगळा वेळ खाल्ला जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात जमतं.

घ्यायच्या आधी मदरबोर्ड कुठला ते बघायचं. २.५ इंची साटा (डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी जवळपास कुठल्याही साटा पोर्टवर चालते, फक्त स्पीड पोर्टप्रमाणे. साटा ३ म्हणजे सेकंदाला ६ गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, साटा २ वर त्याच्या निम्मं. आपल्याकडे भरपूर खपलेल्या एच६१ चिपसेटला (बोर्डवरची मुख्य चिप) ६ गिगाबिटचं पोर्टच नाही, बी७५ ला एकच आहे, एच८१ ला दोन, तेव्हा केबल नेमकी त्याच पोर्टात घालायची. पण साटा २ आहे म्हणून बेत रद्द करू नका, रोजच्या वापरात फरक पडतो तो शोधायच्या वेळेमुळे, आणि तो तिथेही तेवढाच मिळतो. उलट महागडी एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी) घेऊन अशा बोर्डवर कार्ड लावून बसवणं म्हणजे फुकटची डोकेदुखी, कारण बऱ्याच जुन्या बायोसना (पीसी चालू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) तिच्यावरून बूट करता येत नाही.

गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी पीसी मिळाले होते, त्या जमान्यातला एखादा अजून कोपऱ्यात असेल तर त्यावर मात्र खर्च करू नये, साटाच्या आधीच्या रुंद आयडीई केबलची मशीन असली तर विषयच संपला.

बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत) हवा. जुनं विंडोज आयडीई मोडमध्ये (साटा डिस्क जुन्या पद्धतीने चालवणं) टाकलेलं असताना नुसता मोड बदलला की निळा स्क्रीन येतो, म्हणून एएचसीआयचा ड्रायव्हर आधी चालू करायचा नाहीतर सरळ फॉरमॅट मारून नवीन टाकायचं. जी४१ सोबतच्या आयसीएच७ चिपला एएचसीआय नाहीच, तिथे आयडीईवरच भागवावं लागतं, चालतं तरीही. क्लोन करायचं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, तर क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची म्हणजे बूट कुठून होतंय याचा गोंधळ नको. ट्रिम (डिलीट केलेली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) विंडोज ७ पासून आहे, त्यामुळे एक्सपी ठेवून एसएसडी लावण्यात अर्थ नाही. बाय द वे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एच६१ सारख्या मशीनी विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, म्हणून बरेच जण आता लिनक्स मिंट टाकतात. रॅम २ जीबीच असेल तर आधी ती वाढवा, ४ जीबी तरी हवीच, ८ असली तर उत्तम.

कॅबिनेट उघडलंच आहे तर दर्याजवळच्या घरात खारं वारं आणि जून-जुलैचा दमटपणा आत काय करून गेलाय तेही बघून घ्यावं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबरने हलके पुसायचे, गंजलेली किंवा सैल साटा केबल बदलायची. ३.५ इंची खाच्यात बसवायला पट्टी मिळते, नाही मिळाली तरी एसएसडी हलकी असते, दोन स्क्रूवर राहते. पॉवरला साटा पिन नसेल तर मोलेक्सचं (जुना चार पिनचा पॉवर कनेक्टर) कन्व्हर्टर लागतं.

लाईट जाण्याचा त्रास एसएसडीलाही आहेच, लिहिता लिहिता करंट गेला तर फायली खराब होऊ शकतात, यूपीएस असू दे. शॅक किंवा गेस्टहाऊसचा पीसी पावसाळ्यात तीन-चार महिने बंद राहिला तर धडधाकट ड्राइव्हला काही होत नाही. जेडेक या मेमरी चिपांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीनेही ३० अंशांत वर्षभर करंटशिवाय डेटा टिकवावा असं धरलंय. एसएसडी मरते तेव्हा मात्र खूपदा आवाज न करता एकदम मरते, आणि ट्रिममुळे डिलीट केलेलं परत काढणं जवळपास अशक्य, म्हणून जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर बॅकअपसाठी आतच ठेवतात. अविश्वसनीय स्वस्त १ टीबी दिसली तर घेतल्या घेतल्या एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासायची, खोटी कपॅसिटी लगेच उघडी पडते.