त्रिमितीय आकारांचे अध्यापन : नागपूरच्या परिसरातून

लांबी, रुंदी आणि उंची असलेल्या आकारांचे गुणधर्म मुलांना शिकवण्याची रीत. घन, इष्टिकाचिती (विटेसारखा आकार), वृत्तचिती (नळकांड्यासारखा आकार), शंकू, गोल आणि सूची (सपाट बाजूंचा, टोकाला निमुळता आकार) हे त्यातले नेहमीचे आकार. पृष्ठे, कडा व शिरोबिंदू (कोपरे) मोजणे, सपाट आणि वक्र पृष्ठ ओळखणे, आकाराची घडण, म्हणजे तो उलगडून सपाट पसरल्यावर मिळणारी आकृती, काढणे, एवढे त्यात येते.

अडचण फळ्यापासूनच सुरू होते, कारण फळा सपाट असतो. घनाला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू असतात. पण एका कोपऱ्याकडून पाहिलेल्या घनाच्या चित्रात ३ पृष्ठे, ९ कडा आणि ७ शिरोबिंदूच दिसतात. चित्रावरून तसे उत्तर देणाऱ्या मुलाला चूक म्हणणे अन्यायाचे आहे, त्याने दिसले तेवढे नीट मोजलेले असते. तुटक रेषेने दाखवलेली मागची कड, जिने ती बोटाने चाचपली आहे त्या मुलीलाच समजते. म्हणून आधी वस्तू, मग चित्र आणि शेवटी नाव. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था सुरू केली. त्यांच्या शिक्षणसाहित्यात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती एकत्र ठेवलेली असे. गोल गडगडतो, घन बसून राहतो, वृत्तचिती दोन्ही करते.

नागपुरात इष्टिकाचितीसाठी कूलरसारखे साधन नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ताट्या बदलायला कूलर उघडतात. वीज काढून तीन बाजू उतरवल्या, की तीन पृष्ठे हातात येतात आणि उभ्या-आडव्या कडांचा सांगाडा समोर राहतो. पृष्ठ काढले तरी कड जागेवरच असते, ही गोष्ट चित्रातून इतकी स्वच्छ कळत नाही. तान्हा पोळा या मुलांच्या सणातल्या लाकडी बैलाचे चाक मुले ‘वर्तुळ’ म्हणून ओळखतात. ते काढून आडवे ठेवले, जाडी मोजली, की ती कमी उंचीची वृत्तचिती ठरते. दीक्षाभूमीचा घुमट बाहेरून अर्धगोलाकार आणि आतून पोकळ आहे. वक्र पृष्ठ आणि त्याने वेढलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आत उभे राहिल्यावर पटते.

घडणीसाठी मिठाईचा रिकामा खोका पुरतो, फक्त चिकटवायच्या पट्ट्या वेगळ्या धराव्या लागतात. घन एकसंध उलगडायचा तर १२ पैकी ७ कडा कापाव्या लागतात आणि ५ शाबूत राहतात. कुठल्या ७ कापल्या त्यावरून घडण बदलते, आणि अशा वेगळ्या घडणी ११ निघतात. त्या मुलांनी स्वतः शोधाव्यात. तयार तक्ता दिला तर शोधण्याचा आनंदच हिरावला जातो. फुटाण्यांची शंकूसारखी पुडी उलगडूनही पाहता येते. संत्र्याचे साल मात्र टेबलावर दाबले की फाटते. गोलाला घडण नाही, हे गणितज्ञ गाउस यांच्या १८२७ च्या सिद्धांतातून निघते. जगाच्या सपाट नकाशात आकार किंवा क्षेत्रफळ बिघडते तेही याच कारणाने.

वरच्या इयत्तांत गणितज्ञ ऑयलर यांचे सूत्र येते : शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २. ऑयलर यांनी ते १७५० मध्ये गणितज्ञ गोल्डबाख यांना पत्रातून कळवले. घनासाठी ८ + ६ = १२ + २. हे सूत्र सपाट पृष्ठांच्या बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेल्या, आकारांसाठी आहे. वृत्तचितीची ३ पृष्ठे, २ गोलाकार कडा आणि शून्य शिरोबिंदू घेऊन ते लावले तर जुळत नाही. ही मर्यादा वर्गात सांगायची राहून गेली, की मुलांना आपलेच गणित चुकले असे वाटते.

आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून सांगाडे करण्याची रीत टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केली. त्यात गुल काढलेल्या काड्या वापरतात. १२ काड्यांचा घन दाबला की कलतो, ६ काड्यांची त्रिकोणी सूची ताठ उभी राहते. तिरप्या काड्या जोडून घन ताठ करायला सांगितले, की वर्ग त्रिकोण शोधू लागतो.