बरसीमच्या आधीची मशागत कुठून आली?

बरसीम हे हिवाळ्यात घ्यायचे, पुन्हा पुन्हा कापायचे हिरव्या चाऱ्याचे पीक. ते पेरायचे म्हटले की वाफ्यात पाणी भरून चिखल करा, बी मिठाच्या पाण्यात टाका, जुन्या बरसीमच्या रानातली माती आणून मिसळा, असे जाणकार सांगतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटते. पण या रीती पिकाबरोबरच प्रवास करत आल्या आहेत.

बरसीम इजिप्तचे. नाईलचा पूर ओसरला की ओल्या गाळावर तिथले शेतकरी बी फोकून देत. चिखलणीची रीत त्याचीच आठवण. १९०४ मध्ये हे पीक सिंधमध्ये आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढे १९१६ मध्ये ते बिहारातल्या पुसा येथे पोचले आणि उत्तरेच्या बागायती रानांत रुजले. आपल्याकडे लसूणघासाइतके ते पसरले नाही, थंडी तेवढी टिकत नाही.

मातीचे कोडे जर्मनीत सुटले. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे हेलरीगेल या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवले. नव्या रानात बरसीमचे जिवाणू नसतात, म्हणून जुनी माती. आता तेच काम जिवाणू संवर्धनाची पाकिटे करतात.

तणांचे मात्र जपून. हराळी-कुंद्याच्या काशा (जमिनीतली फुटणारी खोडे) उन्हाळी नांगरटीत वेचायच्या. पावसाळ्यानंतर रान ओलवून तण उगवू द्यायचे आणि वाफसा आला (ओल मशागतीजोगी झाली) की कुळवाने मोडायचे. एवढे केले तरी एक तण बियाण्याच्या पिशवीतूनच येते, ते म्हणजे कासनी. कॉफीत मिसळतात ती चिकोरी हीच. बाकीची हंगामी तणे दोन-तीन कापण्यांत दमतात. कासनीचे सोटमूळ खोल असते, त्यामुळे ती बरसीमसारखीच पुन्हा फुटते. माझ्या मते बरसीमची खरी मशागत बादलीतच होते. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून बी ओतले की बरसीमचे मोहरीएवढे पिवळसर दाणे तळाशी बसतात आणि कासनीचे हलके, भुरकट बी वर तरंगते. ते गाळून टाकायचे आणि बरसीमचे बी लगेच साध्या पाण्याने धुवायचे, नाहीतर मीठ उगवण मारते.

पिकाला वेढून त्याचा रस शोषणाऱ्या अमरवेलीवर हा उपाय चालत नाही. ती वाफ्यात दिसली की तेवढा तुकडा पिकासकट कापून जाळावा लागतो.